मागचा उजवा

या, आत या. दारात उभे राहू नका, अंधारात पायरीचा अंदाज येत नाही. वीज रोज याच सुमाराला जाते आणि अर्ध्यापाऊण तासात परत येते. तिच्यावर चिडून उपयोग नाही. तुमच्या गाडीचं काम तसं झालंय. स्क्रीन बसली, फोन वायरीशिवाय जोडायची डबी बसली, चारपैकी तीन स्पीकर लागले. राहिला फक्त मागचा उजवा. तो बघा, टेबलावर दिव्याशेजारी पालथा पडलाय. दोन वायरींना सोल्डर मारलं की झालं, पण वीज नाही तर सोल्डर कसलं मारणार?

खुर्ची भिंतीला टेकवून बसा, तिचा एक पाय आखूड आहे. आम्हाला सवय झाली, पण नवीन माणूस हमखास पडतो.

काय म्हणालात? तो फोन? हो, खिळ्याला टांगलाय तो माझ्या दादाचा. नाही, चालत नाही. पाण्यात पडलाय, समोरच्या मोबाइलवाल्याने उघडून बघितला आणि सांगितलं की आत काही म्हणजे काही उरलेलं नाही. तरी टांगलाय. कारण सांगायला बसलो तर अर्धा तास जाईल… तसा तो आपल्याकडे आहेच म्हणा. भुताखेतांवर तुमचा विश्वास नाही ना? मग उत्तम. माझाही नव्हता.

हे दुकान दादाचं. मी धाकटा, त्याच्या हाताखाली वायरी सोलायला लागलो तो सोलतच राहिलो. आमचं काम तुम्ही मघाशी पाहिलंतच. स्क्रीन बसली की तिला एक फोन जोडून बघायचा. एकदा ओळख झाली की पुढे गाडी चालू केल्याबरोबर स्क्रीन त्या फोनला स्वतःहून शोधते, दहा पावलांच्या आत असला तर धरते, आणि त्याची गाणी, नकाशे सगळं आपल्यावर घेते. याला दादा ‘लग्न लावणं’ म्हणायचा. आणि गाडी मालकाच्या ताब्यात देण्याआधी आमच्या फोनचं नाव स्क्रीनच्या यादीतून पुसायचं. ती ‘काडीमोड’. ती राहिली तर गाडी बिचारी रोज सकाळी मालकाला सोडून आमच्या फोनला शोधत बसते. त्यामुळे प्रत्येक गाडी निघताना दादाची हाक यायचीच, “धाकट्या, काडीमोड झाली का?”

लग्नासाठी हाच फोन. दुकानात येणारा प्रत्येक जण तो उचलून गाणी लावायचा म्हणून वैतागून दादाने त्या फोनचं नावच ‘हात लावू नये’ असं ठेवलं होतं. म्हणजे कुठल्याही गाडीत जोडला की स्क्रीनवर अक्षरं यायची: ‘हात लावू नये’ जोडला. गिऱ्हाइकं दचकून हात मागे घ्यायची आणि दादा खो खो हसायचा.

आवाज तपासायला त्याने स्वतःच्याच आवाजात एक ध्वनिफीत करून ठेवली होती. एकेका स्पीकरमधून एकेक वाक्य. मला ती झोपेतही पाठ आहे. ‘पुढचा डावा… इथे घरचा मालक बसतो, आवाज बेताचा ठेवा. पुढचा उजवा… इथे गाडी चालवणारा, याचं कुणी ऐकत नाही. मागचा डावा… इथे पाहुणे, त्यांच्या ओळखीचं गाणं लावा. मागचा उजवा… इथे मी.’ आणि मग ते हसणं. घरचा मालक म्हणजे आमची वहिनी. लग्न झाल्यापासून तो तिला ‘मालक’च म्हणायचा. आणि ‘इथे मी’ हे काही उगाच नव्हतं. ती फीत लावली की दादा मागच्या उजव्या सीटवर जाऊन बसायचा, तोंडात एक लवंग टाकायचा, डोळे मिटायचा आणि ऐकायचा. म्हणायचा, सगळ्यात वाईट जागेवर चांगलं ऐकू आलं तर बाकीच्यांची काळजी नाही.

त्या दिवशी आम्ही तीन गाड्या केल्या. पहिली एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची, दुसरी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांची. दोन्ही गाड्या निघताना दादाची हाक आली आणि दोन्ही वेळा मी “झाली” म्हणून ओरडलो. झाली नव्हती. कंटाळा केला, दुसरं काही नाही. दोन वेळा बोट लावायचं काम, पण मला भूक लागली होती.

तिसरी गाडी केकवालीची. घरी केक करून गाडीने पोचवते, सगळं गाव तिला केकवालीच म्हणतं. दुपारचे तीन वाजले असतील. दादा मागे उजवीकडे जाऊन बसला, फीत सुरू केली, डोळे मिटले. मी टेबलावर वायरी सोलत होतो. फीत संपली, पुन्हा सुरू झाली. पुन्हा संपली, पुन्हा सुरू झाली. आज फारच बारकाईने ऐकतोय असं मला वाटलं. चौथ्यांदा ‘मागचा उजवा, इथे मी’ झालं तेव्हा मी उठून दार उघडलं.

तो ऐकत नव्हता.

चेहरा मात्र हसरा होता, हे मी शपथेवर सांगतो. त्याला बाहेर काढताना मांडीवरचा फोन निसटला आणि काच पुसायच्या साबणाच्या बादलीत पडला. तेव्हा फोनकडे कोण बघतंय?

पुढचे महिने कसे गेले ते सांगत नाही. दुकान चालू ठेवलं. वहिनी वरच्या मजल्यावर राहतात, मी त्यांच्याकडेच जेवतो. पण त्या दिवसानंतर त्यांनी दुकानात पाऊल टाकलं नाही. सकाळचा न्याहारीचा डबासुद्धा वरून टोपलीत सोडायच्या, मी टोपली धरायचो.

सहा महिन्यांनी एका सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. धुकं इतकं की त्यांच्या गाडीचे दिवे आधी आले आणि गाडी मागून. काच खाली करून म्हणाल्या, “अहो, ही गाडी रोज कुणाला तरी शोधते हो. ‘हात लावू नये’ शोधत आहे, ‘हात लावू नये’ शोधत आहे. मी दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालते, मला हे असं ऐकवते!”

मला आपली चूक लगेच कळली. ओशाळून म्हटलं, “एक मिनिटाचं काम आहे, तुम्ही आत बसा.” गाडी आत घेतली, यादी उघडायला बोट पुढे केलं. स्क्रीनवर अक्षरं होती: ‘हात लावू नये’ शोधत आहे…

आणि मग बदलली. ‘हात लावू नये’ जोडला.

मी टेबलाकडे पाहिलं. फोन तेव्हा टेबलाच्या खणात होता. त्यातली बॅटरीसुद्धा मोबाइलवाल्याने काढून घेतली होती.

गाडीत धुक्याचा ओला वास होता. त्यात हळूहळू दुसरा वास मिसळला. लवंगेचा. मागच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली, कुणी नीट सरकून बसावं तशी. आरशात बघायचं माझं धाडस झालं नाही. समोरच्या डाव्या स्पीकरमध्ये श्वास घेतल्याचा आवाज आला.

“पुढचा डावा… इथे घरचा मालक बसतो…”

किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, दार उघडून बाहेर उडी मारली, आणि उडी मारताना पट्टा काढायचा राहिल्यामुळे पुन्हा आत आदळलो. डॉक्टरीणबाई धावत आल्या. माझा पुढचा दात हलत होता. तो त्यांनी तिथल्या तिथे बघितला आणि जाईल म्हणाल्या, पण गेला नाही. हा बघा, अजून आहे.

धीर करून पुन्हा गाडी चालू केली. यादीत नाव नव्हतं. काडीमोड झाली होती. मी केली नव्हती.

मी स्वतःची समजूत घातली. डोक्यावर परिणाम झाला असेल, झोप कमी पडत असेल, वगैरे. आठच दिवसांत मास्तर आले, तीच तक्रार घेऊन. दुपारची वेळ होती, बाहेर लख्ख ऊन. मास्तर हात-पाय धुवायला गेले आणि मी एकटाच गाडीत बसलो. म्हटलं, उन्हात काही होत नाही.

‘हात लावू नये’ जोडला.

उन्हातसुद्धा गाडीच्या आत गार पडलं. लवंगेचा वास. या वेळी मी दात आवळून बसून राहिलो. पुढचा डावा झाला, पुढचा उजवा झाला, मागचा डावा झाला… शब्दाला शब्द तोच. मग फीत जिथे ‘मागचा उजवा’ म्हणते तिथे जरा थांबली, आणि दादाचा आवाज अगदी हळू, माझ्या मानेमागून म्हणाला, “धाकट्या… मागच्या उजव्याची वायर सैल आहे रे.”

हे फितीत नव्हतं. फितीत हे कधीच नव्हतं!

मी कसा बाहेर आलो ते मला आठवत नाही. इंजिन मात्र बंद केलं होतं, सवयीने. मास्तर आले तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो आणि त्यांनी विचारलं की तुम्ही तिकडे काय करताय. गाडी चालू केली तर यादीतून नाव गेलेलं. स्पीकरची जाळी काढून बघितली. वायर सैल होती.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वर जेवायला गेलो. वहिनींनी ताट वाढलं आणि त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, एक विचारू? हसणार नाही ना?”

“विचारा की.”

“ह्यांचा आवाज कसा होता हो?”

मी घास ताटात परत ठेवला.

“चेहरा आठवतो,” त्या म्हणाल्या. “चालणं आठवतं. जिन्यावर तिसऱ्या पायरीला खोकायचे ते आठवतं. पण आवाज आठवायला गेलं की नुसते शब्द येतात. माझ्याच आवाजात येतात. पंधरा दिवस झाले, रोज प्रयत्न करते. गेला तो. माझ्या हातून गेला.”

आमच्याकडे त्याचा आवाज कुठेच नव्हता हो. फोटो काढायला कायम तोच पुढे, त्यामुळे तो स्वतः कशातच नाही. लग्नाची चित्रफीत आहे, तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत बँड वाजतो. निरोप पाठवायचा तर एक शब्द टाइप करायचा, ‘बरं’. आवाज होता तो या एका फोनमध्ये, आणि फोन बादलीत गेला.

आणि मी? दोनदा तो आवाज दारात आला, दोनदा मी इंजिन बंद करून पळालो. एकेका गाडीत एकच वेळ, मग नाव पुसलं जातं, हे मला तोवर कळून चुकलं होतं. माझं राहिलेलं काम तो माणूस एकेक गाडी करून उरकत होता, आणि मी गाढवासारखा त्याची प्रत्येक वेळ वाया घालवत होतो. ताटावर बसल्याबसल्या मला रडू आलं. वहिनींना वाटलं, भाजी तिखट झाली.

तिसरी गाडी राहिली होती. केकवालीची. तिच्या गाडीतली काडीमोड करायचं त्या दिवशी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

हात न धुता खाली आलो आणि तिला फोन लावला. ती म्हणाली, “हो, रोज सकाळी शोधते की ‘हात लावू नये’. मी पुसलं नाही. म्हटलं, असू दे, तेवढीच सोबत. पण बरं झालं आज फोन केलात. उद्या गाडी कंपनीत देतेय, ते स्क्रीनमधलं सगळं पुसून नवीन टाकणार आहेत.”

“आज… आत्ता येता?”

“आज तीन मजली केक आहे, पाचला पोचवायचाय. चारला दहा मिनिटं थांबते. दहाच हं!”

चारला दहा मिनिटं कमी असताना मी वर गेलो. जिना चढेपर्यंत तीन खोट्या गोष्टी जुळवल्या होत्या, वहिनींसमोर एकही आठवली नाही. म्हणून खरं तेच सांगितलं. डॉक्टरीणबाईंची गाडी, मास्तरांची गाडी, लवंग, वायर, सगळं. दादाला दिलेली दोन खोटी उत्तरंसुद्धा.

वहिनींनी माझ्याकडे इतक्या शांतपणे पाहिलं की ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग चपला घातल्या. “भाऊजी, हे खोटं निघालं तर आयुष्यात पुन्हा इथे जेवायला यायचं नाही.”

केकवाली आलीच होती. आमची दोघांची तोंडं बघून तिने काही विचारलं नाही, फक्त किल्ली दिली आणि म्हणाली, “मागे उजवीकडे केक आहे. पट्टा लावून बसवलाय. ती जागा रिकामी ठेवायला मला बरं वाटत नाही.” मग ती बाहेर फुटपाथवर जाऊन उभी राहिली आणि घड्याळ बघायला लागली.

वहिनी शटरच्या रेषेशी अडखळल्या. ही तीच गाडी, हे त्यांना माहीत होतं. मग पटकन पदर खोचून आत आल्या आणि मागे डावीकडे बसल्या, त्या पांढऱ्या खोक्याच्या शेजारी. मी पुढे बसलो. दोन्ही दारं लावली. बाहेरचा रस्ता एकदम लांब गेल्यासारखा झाला.

किल्ली फिरवली. ‘हात लावू नये’ शोधत आहे…

आणि धडाम् करून ढोल! केकवालीचा फोन बाहेरून जोडला गेला आणि तिचं नाचाचं गाणं चारी स्पीकरमधून अंगावर आलं. मी किंचाळलो, वहिनी किंचाळल्या, फुटपाथवरून केकवालीही किंचाळली आणि तिने आपला फोन बंद करून टाकला.

पुन्हा शांत. शोधत आहे… शोधत आहे… तीन ठिपके येत होते, जात होते. एक मिनिट गेलं. दोन गेली. मागून वहिनींचा आवाज आला, “राहू दे, भाऊजी.”

“थांबा ना, वहिनी…”

“राहू दे म्हटलं ना. जेवायला येत जा. नाही रागावले मी.”

त्या दाराच्या कडीकडे वळल्या. आणि थांबल्या.

“लवंग…” त्या म्हणाल्या.

‘हात लावू नये’ जोडला.

काचांवर आतून वाफ धरली. दुकान दिसेनासं झालं. या वेळी मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो, किल्लीकडे जाऊ नयेत म्हणून. पुढच्या डाव्या स्पीकरमध्ये श्वास ऐकू आला.

“पुढचा डावा… इथे घरचा मालक…” आवाज थबकला. खरखर झाली. “…जागा रिकामी कशी? मालक, तुम्ही मागे कुठे बसलात? पुढे या की.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मागून मात्र काय उत्तर आलं असेल? वीस वर्षांच्या सवयीचं. “मी आहे तिथे बरी आहे.”

“बरं,” दादा म्हणाला.

आणि वहिनी हसल्या हो! सहा महिन्यांत पहिल्यांदा. ओठ दाबून हसल्या, मग मोकळं हसल्या, आणि हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “हाच,” त्या म्हणाल्या. “हाच आवाज. असाच होता. कशी विसरले मी?”

“पुढचा उजवा… इथे गाडी चालवणारा. याचं कुणी ऐकत नाही.”

“दादा,” मी म्हणालो, “मी त्या दिवशी दोन्ही वेळा खोटं बोललो रे. काडीमोड केली नव्हती.”

“माहीत आहे.” आवाजात हसू होतं. “तू जेवायला पळाला होतास… मागचा डावा. इथे आज पाहुणे नाहीत, मालकच आहेत. त्यांच्या ओळखीचं गाणं लावा.” आणि मग तो गुणगुणला. दोनच ओळी, तीही बेसूर. कुठलं गाणं ते मला सांगता येणार नाही, ते त्या दोघांचं होतं. मी वळून पाहिलं नाही. एवढी अक्कल मला आहे.

गुणगुणणं संपलं. बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत राहिली. मग आवाज आला, जरा लांबून.

“धाकट्या… आता काडीमोड करू का?”

तो प्रश्न माझ्यासाठी नव्हताच. मागे बांगड्या किणकिणल्या.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. “शेवटचं राहिलंय तुमचं. ते म्हणा आधी.”

“मागचा उजवा…” आता तो आवाज स्पीकरमधून येत नव्हता. तो नुसता तिथे होता, त्या सीटवर, अगदी जवळ. “इथे मी.”

आणि ते हसणं. गाडी हलली त्याने.

वहिनींनी डोळे पुसले, नाक ओढलं. “आता करा,” त्या म्हणाल्या. “पण गाडीचीच हं. माझी नाही.”

“तुमची करायची कुणाची हिंमत आहे, मालक?”

स्क्रीन एकदा मिटली आणि पुन्हा लागली. यादी कोरी होती. काचांवरची वाफ कडेकडेने विरत गेली, दुकान दिसायला लागलं, आणि फुटपाथवर केकवाली मनगटावर बोट आपटून वेळ दाखवत होती.

तिने येऊन केक तपासायला खोकं उघडलं. दोऱ्याची गाठ तिनेच बांधलेली, तिनेच सोडली. झाकण उचललं आणि तशीच बघत राहिली. वरच्या मजल्यावरच्या पांढऱ्या क्रीममधून एक बोट ओढलेलं होतं. जाड बोट, लांबलचक, मधोमध. गोडाचा माझ्या दादाला भारी सोस, आणि डॉक्टरने बंदी घातलेली.

“शेवटपर्यंत स्वतःच्या फोनवर लिहिलेलं वाचलं नाही या माणसाने,” वहिनी म्हणाल्या, आणि तिघंही आम्ही दुकानाच्या दारात पोट धरून हसलो. केकवालीने त्या खुणेवर क्रीमचं एक फूल ओढलं आणि पाचला पाच मिनिटं कमी असताना केक पोचवला. त्या घरच्या लोकांनी फुलाचं कौतुक केलं, असं तिने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली आली नाही. वहिनी स्वतः खाली आल्या, डबा घेऊन. दुकानभर फिरल्या, आखूड पायाच्या खुर्चीवरून पडल्या, मला चार शब्द सुनावले, आणि म्हणाल्या, “आता आवाज कशावर तपासता?”

“कसलंही गाणं लावतो.”

“गाण्यावर काय कळणार डोंबल! आणा तुमचा फोन.”

त्यांनी नवीन फीत केली. एका दमात, न अडखळता. ‘पुढचा डावा, इथे मालक बसणार, आवाज बेताचा ठेवा’ वगैरे सगळं तसंच, फक्त शेवटी त्या म्हणतात, ‘मागचा उजवा… ही जागा धरून ठेवली आहे.’ आणि गप्प होतात. माझ्या फोनवर ऐकली तर तिथे संपते. हेडफोन लावून ऐकली तरी तिथेच संपते. मी पन्नास वेळा ऐकली आहे.

गाडीत मात्र ती तिथे संपत नाही. कुठल्याच गाडीत नाही. वहिनी त्यासाठीच रोज खाली येतात, आणि येताना एक लवंग त्या टेबलावर ठेवतात. संध्याकाळी ती तिथे नसते. मी विचारत नाही.

तुम्ही असे उठून उभे का राहिलात? बसा हो. बरं, राहा उभे. तुमचीच गाडी दाखवतो, म्हणजे खात्री पटेल. वीज लागत नाही त्याला, गाडीच्या बॅटरीवर चालतं. हा माझा फोन जोडला, ही फीत लावली. दार उघडंच ठेवतो. ऐका आता…

पुढचा डावा. छान. पुढचा उजवा. छान. मागचा डावा, हाही स्वच्छ आहे.

आता ‘मागचा उजवा… ही जागा धरून ठेवली आहे.’ झालं. आता जरा थांबा.

आलं ऐकू? हसला ना? मोठ्याने हसतो, सवयच आहे त्याची. आज खूश दिसतोय.

आता तेवढा दिवा उचलून इकडे द्या. सांभाळून, त्याच्याशेजारी तुमचा मागचा उजवा स्पीकर आहे.